गोळी तीच, मग पंप कशाला?

गोळ्या घेऊनही पायांचा ताठरपणा जात नाही, मग तेच बॅक्लोफेन (स्नायूंचा ताठरपणा कमी करणारं औषध) पंपातून देऊन काय वेगळं होणार, असं एकाने विचारलंय. भावाच्या मणक्याला मार लागला तेव्हा आम्हीही डॉक्टरांना हेच विचारलं होतं.

औषध तेच, वाट वेगळी. गोळी रक्तातून अंगभर जाते, मज्जारज्जूपर्यंत फार थोडी पोचते. डोस वाढवला की गुंगीच वाढते. पंप पोटाच्या कातडीखाली बसवतात आणि बारीक नळीतून औषध थेट मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडतात, त्यामुळे मिलिग्रॅमऐवजी मायक्रोग्रॅममध्ये भागतं. शिकागोच्या पेन आणि क्रोइन या संशोधकांनी 1984 मध्ये हे मांडलं.

आधी चाचणी होते: कमरेतून साधारण 50 मायक्रोग्रॅमचं एक इंजेक्शन आणि मग काही तास निरीक्षण. त्या वेळी फिजिओथेरपिस्ट जवळ हवाच. काहींना तो ताठरपणाच उभं राहायला आधार देत असतो. तो पुरता गेला तर पाय लटपटतात.



पण पंप पुन्हा भरायची तारीख कृपा करून चुकवू नका. आम्ही ती कालनिर्णयवर लाल पेनने लिहितो. औषध एकदम थांबलं तर खाज, ताप, आधीपेक्षा जास्त ताठरपणा, भ्रम असं होतं आणि जिवावरही बेततं. यातलं काहीही दिसलं तर थेट इस्पितळ गाठा, आणि दारातच सांगा की पेशंटला बॅक्लोफेनचा पंप आहे.