पोराच्या प्रोजेक्टला बॉम्ब समजून स्टँड रिकामा केला. आता तो परत प्रवासात न्यायचा कसा?

डाळिंबवाली:

नमस्कार. आमचं सांगोला तालुक्यात डाळिंब आहे. मुलगा इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. शेतीची लाइट रात्रीची, त्यामुळे त्याचे वडील दोनला उठून मोटर सुरू करतात आणि अंदाजानं पाणी देतात. पाणी जास्त झालं की झाडाला मर लागते. गेल्या साली चाळीस झाडं गेली. तेव्हा पोरानं मातीतली ओल मोजायचं यंत्र करायला घेतलं. मातीत खुपसायच्या दोन पट्ट्या, एक छोटा बोर्ड, चार सेल, आणि यंत्र चालू आहे हे कळायला लुकलुकणारा लाल दिवा. सगळं माझ्या शेवेच्या स्टीलच्या डब्यात बसवलं. झाकणाला भोक पाडून वायरी बाहेर काढल्या आणि पत्र्यानं वायर कापू नये म्हणून भोकाच्या कडेला सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवली. इतक्या जपणुकीनं केलं होतं त्यानं.

मागच्या महिन्यात ते कॉलेजात दाखवायला निघाला. स्टँडवर बाकावर डबा ठेवला आणि बाटली भरायला नळावर गेला. वीस पावलं असतील. तेवढ्यात कुणीतरी "बॉम्ब, बॉम्ब" ओरडलं. हा पळत आला, म्हणाला, माझा डबा आहे, उघडून दाखवतो. "उघडतो" म्हटल्यावर लोक आणखी बिथरले. दोघांनी कॉलर धरली, एकानं थोबाडीत दिली. स्टँड रिकामा झाला, गाड्या बाहेर रस्त्यावर थांबल्या. पथक यायला अडीच तास गेले. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. तपासून झाल्यावर त्यांच्यातले एक साहेब त्याला म्हणाले, "बाळ, काम चांगलं केलंयस." पण तोवर पोराला सगळ्या गावासमोर धरून ठेवलं होतं, आणि जबाबासाठी रात्री नऊपर्यंत चौकीत बसवलं.

कॉलर धरलेल्याचा व्हिडिओ "स्टँडवर बॉम्ब ठेवताना पकडला" असं लिहून भावकीच्या ग्रुपवर आला. माझ्या माहेरीही पोचला. डब्यात काय निघालं ते मात्र कुणीच पुढं पाठवलं नाही. पोरानं सोल्डरिंगची पेटी पलंगाखाली सारली आहे. पुढच्या महिन्यात पुण्यात स्पर्धा आहे, नाव दिलेलं आहे, तो नको म्हणतो. असं सामान न्यायची रीत काय? आणि त्या व्हिडिओचं काय करावं? कुणाच्या मुलावर अशी वेळ आली असेल तर सांगा.

निवृत्त हवालदार:

ताई, मी चौदा वर्षं बॉम्बशोधक पथकात होतो. आधी आमची बाजू सांगतो. ११ जुलै २००६ ला मुंबईत अकरा मिनिटांत लोकलमध्ये सात स्फोट झाले. २०१० च्या फेब्रुवारीत पुण्यात जर्मन बेकरीत जे फुटलं ती टेबलाजवळ ठेवलेली बॅग होती. त्यामुळे वायर आणि दिवा दिसलेला डबा आम्ही बघून सोडून देत नाही. माणसं लांब करतो, कुत्रं फिरवतो, एक्स-रे काढतो, झाकण हलवायचं तर लांबून दोरीनं. मालक म्हणणाऱ्यालाही हात लावू देत नाही. तो नियम बरोबरच आहे.

पण थोबाडीत मारायचा नियम कुठंच नाही. गाडीत, स्टँडवर सांगतात ते बेवारस वस्तूबद्दल. तुमच्या डब्याचा वारस समोर उभा होता. त्याला बाजूला बसवून आत काय आहे, कुठल्या कॉलेजचा, सरांचा नंबर काय, एवढं कुणी विचारलं असतं तरी आमचं निम्मं काम झालं असतं. ते वाचून माझा जीव तळमळला.

न्यायची रीत: स्टीलचा डबा नको, आरपार दिसणारी बरणी घ्या. सेल काढून वेगळ्या पिशवीत, त्यांच्या टोकांना चिकटपट्टी. दिवा बंद. वायरी गुंडाळून. बरणीवर ठळक मराठीत "शेतातली ओल मोजायचं यंत्र", खाली नाव, कॉलेज, फोन. सोबत प्राचार्यांचं शिक्क्याचं पत्र. आणि बरणी मांडीवर, पाणी प्यायला जातानासुद्धा. व्हिडिओसाठी ठाण्यात अर्ज द्या, आक्षेपार्ह काही आढळलं नाही असं लेखी मागा आणि त्याच ग्रुपवर टाका. एका फेरीत मिळणार नाही. परत जा.

चार्ल्सकाठची:

मी २००७ साली बॉस्टनमध्ये शिकत होते. ३१ जानेवारीला पूल बंद, रस्ते बंद, नदीतली वाहतूकसुद्धा थांबवली. पुलाखाली काय होतं, तर एका कार्टूनच्या जाहिरातीची दिव्यांची पाटी, मागे बॅटऱ्या आणि वायरी. तशाच पाट्या दहा शहरांत दोन-तीन आठवडे लागलेल्या होत्या. कंपनीला वीस लाख डॉलर भरावे लागले, आणि पाट्या लावणाऱ्या दोन तरुणांना अटक झाली ती वेगळीच.

तुमचं वाचताना मात्र मला टेक्सासचा मुलगा आठवला. २०१५, वय चौदा. घरी जोडलेलं घड्याळ शाळेत सरांना दाखवायला नेलं आणि बेड्या पडल्या. गुन्हा काहीच दाखल झाला नाही, ओबामांनी व्हाइट हाऊसला बोलावलं, तो गेलाही. पण त्याच वर्षी ते कुटुंब देश सोडून कतारला गेलं. एवढ्या मोठ्या माणसाच्या शाबासकीनंही गावात बसलेला शिक्का पुसला नाही. म्हणून त्या व्हिडिओचा पिच्छा सोडू नका ताई. स्पर्धेइतकाच तो महत्त्वाचा आहे.

परळकर:

मे २०२३ मध्ये चेंबूरच्या पीर पाव जेट्टीवर एक कबुतर सापडलं. पायात कड्या, पंखावर चिनीसारखी अक्षरं. हेर म्हणून पकडलं आणि परळच्या जनावरांच्या दवाखान्यात ठेवलं. ते तैवानमधलं शर्यतीचं कबुतर निघालं. सुटका ३० जानेवारी २०२४ ला. आठ महिने. ते हेर नाही हे कळल्यावरही, दार उघडायचा कागद कुणीतरी मागत राहावा लागतो. हवालदारसाहेब म्हणतात तो लेखी कागद सोडू नका.

डाळिंबवाली:

सगळ्यांचे आभार. काका, तुमचं उत्तर मी पोराला मोठ्यानं वाचून दाखवलं. "वारस समोर उभा होता" इथं तो उठून बाहेर गेला. बऱ्याच वेळानं आत आला आणि विचारलं, सेल काढले तर पुण्यात पोचल्यावर यंत्रातल्या घड्याळाची वेळ परत लावावी लागेल, त्याला किती वेळ देतात?

लोणच्याची मोठी बरणी रिकामी करून उन्हात ठेवली आहे, वास जायला. ठाण्यात अर्ज दिला, सोमवारी या म्हणालेत. पत्र कॉलेजनं लगेच दिलं. स्टँडवर मात्र तो पाय ठेवायला तयार नाही. त्याचे वडील गाडीवरून पुढच्या गावच्या थांब्यावर सोडणार आहेत, तिथून बस धरेल. मी सोबत जाते आहे.