घरकुलाची बिल्डिंग नक्की कोणाच्या ताब्यात आहे हे कसं काढायचं? (नाशिक)

तिसरा_मजला
नमस्कार, लांबलचक होईल पण वाचा प्लीज. आम्ही नाशिकला जेएनएनयूआरएमच्या (केंद्राची शहर सुधारणा योजना) घरकुलात राहतो, आधी नाल्याकडेला झोपडी होती, आईने पोळ्या लाटून हिश्श्याचे पैसे भरले तेव्हा खोली मिळाली. खोली चांगलीये. पण दोन महिने झाले पाण्याची मोटर जळालीये, गच्चीवरची टाकी कोरडी, साठीच्या बायका खालून हंडे चढवतायत आणि चेंबर तुंबलं की घाण पाणी जिन्यापर्यंत येतं. एका ऑफिसात गेलं की म्हणतात बिल्डिंग तुम्हाला दिली, सोसायटी करा. सोसायटीचं विचारायला दुसरीकडे गेलो तर म्हणे आधी तिकडून हस्तांतरणाचा कागद आणा. चार खोल्यांना कायम कुलूप, आणखी दोन खोल्यांत भाडेकरू. चाळीस सह्यांचं निवेदन दिलं तर पोचसुद्धा दिली नाही. नुसतं मोटरचं नाही हो, आमच्या बिल्डिंगचं काय ठरतंय हे आम्हाला कोणी विचारतच नाही. काय करावं?

गोदाकाठ
भाऊ, आधी माहिती अधिकार. पण "मोटर का दुरुस्त केली नाही" असं विचारू नका, सगळे तिथेच फसतात. "का"चं उत्तर द्यायला ते बांधील नाहीत, रेकॉर्डला असलेला कागद मात्र द्यावाच लागतो. म्हणून कागद मागा: बिल्डिंगचा हस्तांतरण आदेश, देखभाल कोणी करायची हे लिहिलेला करारनामा किंवा पत्र, लाभार्थ्यांची मंजूर यादी, आणि मोटर-ड्रेनेजवर गेल्या तीन वर्षांत झालेल्या खर्चाची बिलं. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्द अशी मर्यादा आहे, त्यामुळे यादीचा अर्ज वेगळा करा. दहा रुपयाचं कोर्ट फी तिकीट लावा. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, त्याला फाटा दिला तर नव्वद दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरं. आयोगाचं खंडपीठ नाशिकलाच आहे, मुंबईला जायची गरज नाही.

सातपूर_जुना
वरचं बरोबर, पण तीस दिवस हंडे कोण वाहणार? नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयानुसार महापालिका आणि जिल्हा पातळीवरच्या ऑफिसांत सोमवारी दुपारी तीन ते पाच फाईल बघायला मिळते, ते आधी विचारून बघा. फाईल समोर उघडली की हस्तांतरण झालंय की नाही ते पाच मिनिटांत कळतं. दुसरं म्हणजे लोकशाही दिन, महिन्याच्या पहिल्या सोमवारी, त्या दिवशी अधिकारी समोर बसून लोकांच्या तक्रारी ऐकतात. तिथे तक्रार वैयक्तिक लागते, चाळीस सह्यांचा एक अर्ज परत येतो, आमचा तसाच आला होता. चाळीस घरांनी चाळीस अर्ज करा, मजकूर सारखा चालेल पण खोली नंबर आणि आपापला त्रास ज्याचा त्याने लिहायचा. पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, विहित नमुन्यात. आणि पोच घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही, नाहीच दिली तर रजिस्टर पोस्टाने पाठवा.

ओटा_नं_७
मी पण घरकुलातलीच. आमची मोटर गेली तेव्हा घरटी पैसे काढून बसवून घेतली. लोकं म्हणाली मग त्यांची जबाबदारी संपली. तसं काही नाही, दुकानदाराचं पक्कं बिल घेतलं आणि त्याच दिवशी पत्र दिलं की जबाबदारी ठरेपर्यंत नाइलाजाने केलंय, खर्च परत मिळावा. पैसे अजून आले नाहीत पण पाणी आलं. ताई-मावश्यांना आणखी किती दिवस जिने चढायला लावणार.

आणि दादा, भाडेकरूंच्या मागे लागू नका. कुलूपबंद खोल्या कोणाला मिळाल्या ते यादीवरून काढा, पण भाड्याने राहणारं कुटुंबही आपल्यासारखंच नाल्यावरून आलेलं असतं. आमच्याकडे आधी त्यांच्याशीच भांडण झालं, सहा महिने मूळ कामाला कोणी हात लावला नाही.

गोदाकाठ
ताईंचं पटलं, मोटर आधी. एक भर घालतो, जेएनएनयूआरएमचा पैसा घेताना लोकसहभागाचा कायदा करायची अट होती, त्यानुसार २००९ ला क्षेत्रसभेची तरतूद आली. क्षेत्रसभा म्हणजे तिथल्या मतदारांनी बसून आपल्या भागाची कामं सुचवायची. प्रत्यक्षात भरलेली मी तरी पाहिली नाही. मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपून प्रशासक आले तेव्हा तर दाद मागायला हक्काचा माणूसच उरला नव्हता. म्हणून निवेदनात लेखी मागा की आमच्या भागाची क्षेत्रसभा कधी घेतली, इतिवृत्त दाखवा.

तिसरा_मजला
खरंच आभार सगळ्यांचे. काल रात्री जिन्यातच बसलो, एकवीस घरं आली, मोटरचे पैसे काढायचं ठरलं. भाडेकरूही आले, त्यांनी पण दिले. येत्या सोमवारी फाईल बघायला मी आणि खालच्या मावशी जातोय. फक्त एक, खोली आईच्या नावावर आहे तर अर्ज माझ्या नावाने चालेल का?

सातपूर_जुना
माहिती अधिकाराचा कोणाच्याही नावाने चालतो, का मागता हेही सांगावं लागत नाही. लोकशाही दिनाचा मात्र आईच्या नावाने करा, आणि त्या दिवशी त्यांना सोबत घेऊन जा.