आजीसाठी सागवानी खुर्ची : मापं आणि सांधे

काटकोन: आजींची उंची 5 फूट, गुडघे दुखतात, हाताच्या आधाराशिवाय उठवत नाही. खुर्चीचे पाय पावणेदोन इंची चौरस, आडव्या पट्ट्या अडीच बाय एक. बैठक किती उंच ठेवू? नुसते स्क्रू चालतील?

रंधेवाले: गुडघ्यामागच्या खळगीपासून जमिनीपर्यंत मोजा, वर दीड इंच धरा. त्यांना साधारण 17 इंच येईल. गादी असेल तर दबल्यावरची जाडी त्यातून वजा. खुर्चीचे हात बैठकीच्या वर 8 इंच, थेट पुढच्या पायापर्यंत आलेले. बैठकीला मागे उतार 2-3 सूतच (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). जास्त दिलात तर उठणं अवघड. आणि समोर खाली पट्टी नकोच! उठताना पावलं मागे घ्यावी लागतात, ती तिथेच अडतात.

पटाशी: स्क्रू नको, मागचे सांधे खिळखिळे होतात. साल-कुसू करा, म्हणजे पट्टीच्या टोकाची जीभ (कुसू) पायातल्या खाचेत (साल) बसवा. कुसू 3 सूत जाड, सव्वा इंच लांब. पायाच्या आत दोन कुसवं एकमेकांना भिडतात, म्हणून टोकं 45 अंशांत कापा. फेविकॉल लावण्याआधी सगळं कोरडं जुळवून दोन्ही कर्ण मोजा. फरक आला तर चौकट काटकोनात नाही.

काटकोन: मागचे पाय मागे कललेले हवेत. सरळ फळीतून कापू?

पटाशी: कापा, पण 4 इंच रुंद फळी घ्या आणि लाकडाच्या रेषा पायाच्या लांबीने धावतात ना, बघा. वळणावर त्या आडव्या कापल्या गेल्या की पाय तिथेच मोडतो.

रंधेवाले: बैठकीची फळी मागून घट्ट आवळू नका, तिच्या स्क्रूंना लांबट भोकं ठेवा, म्हणजे तिला हलायला जागा राहील. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून तडकते.