शॉर्टवाल्यांनी घेरलेला टेक शेअर, त्यात ताईचेही पैसे. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

शेअर विकू की ठेवू, एवढंच विचारायचं असतं तर धागा काढला नसता. माझी अडचण वेगळी आहे. शेअर पडतोय तो शॉर्ट सेलर्सनी दाबून धरल्यामुळे, की कंपनीतच काही बिघडलंय, हे बाहेरून बघणाऱ्या साध्या भागधारकाने ओळखायचं कसं? गेले पाच महिने मी रोज हेच शोधतेय, आणि दर आठवड्याला माझं उत्तर बदलतंय.

कंपनी अमेरिकेच्या नॅस्डॅकवर नोंदलेली आहे, सेन्सर आणि त्यांचं सॉफ्टवेअर बनवते. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव आलं की सगळी चर्चा नावावरच होते. माझ्याकडे ६०० शेअर आहेत, तीन टप्प्यांत घेतलेले. पहिले २०० घेतले तेव्हा दोन महिन्यांत चांगले वर गेले. मग हुरूप आला आणि उरलेले ४०० जवळजवळ शिखरावर घेतले. आज सरासरी खरेदीभावाच्या ४६ टक्के खाली आहे.

आणि ताईकडे २५० आहेत. तिने शेअर बाजारात कधी पाऊल टाकलं नव्हतं. मी इतक्या खात्रीने बोलत होते की तिने तिची मुदत ठेव मोडली. ती मला अजून एका शब्दाने काही बोललेली नाही. फोनवर फक्त "काय म्हणतोय आपला शेअर?" असं विचारते. 'आपला' म्हणते, तेच जास्त लागतं.

आता शॉर्टचं. मूळ व्यवहार मला समजतो: शेअर उसने घ्यायचे, विकायचे, भाव पडला की स्वस्तात परत घेऊन ज्याचे त्याला द्यायचे. भाव वर गेला तर तोट्याला मर्यादा नाही, आणि उसनवारीचं भाडं रोज चढतंच. एकूण किती शेअर शॉर्ट आहेत, हा 'शॉर्ट इंटरेस्ट'चा आकडा महिन्यातून दोनदाच येतो आणि येतो तेव्हाही दीडेक आठवडा शिळा असतो. मी तो एका वहीत उतरवून ठेवते. ताज्या आकड्याप्रमाणे १.८ कोटी शेअर शॉर्ट आहेत आणि बाजारात मोकळे फिरणारे शेअर साधारण ८ कोटी, म्हणजे साडेबावीस टक्के. रोजची सरासरी उलाढाल ६० लाख, म्हणजे सगळ्या शॉर्टवाल्यांना बाहेर पडायला हिशोबाने तीन दिवस पुरतात.

आम्हा भागधारकांचा एक गट आहे. चांगली माणसं आहेत, एकमेकांना धीर देतात. पण तिथे हा साडेबावीसचा आकडा मंत्रासारखा म्हटला जातो. "स्क्वीझ येणारच, फक्त विकू नका." स्क्वीझ म्हणजे भाव चढायला लागला की शॉर्टवाल्यांना घाईने शेअर परत घ्यावे लागतात आणि त्यानेच भाव आणखी उसळतो. भाव पडला की शॉर्टवाल्यांनी पाडला, चढला की शॉर्टवाले घाबरले. कंपनी चुकली असेल अशी एकही शक्यता त्या मांडणीत उरत नाही, आणि मला त्याचीच भीती वाटायला लागली आहे.

गटातल्या काही गोष्टी मी तपासून पाहिल्या. रोजच्या उलाढालीतला 'शॉर्ट व्हॉल्यूम' ४५ टक्के दिसला की तिथे हलकल्लोळ होतो. पण तुम्ही-आम्ही खरेदीची ऑर्डर टाकतो तेव्हा समोरचा मार्केट मेकर (सतत खरेदी-विक्रीचे भाव देणारा व्यापारी) बरेचदा आधी शॉर्ट विकून ती पुरवतो आणि काही क्षणांत भरून काढतो. तेही त्यात मोजलं जातं, त्यामुळे एवढा आकडा कितीतरी साध्यासुध्या शेअरमध्येही दिसतो. दुसरं, शेअर १० टक्के पडला त्या दिवशी "आता उद्यापर्यंत शॉर्टिंग बंद!" म्हणून सगळ्यांनी आनंद केला. नियम तसा नाही. आदल्या दिवशीच्या बंद भावापेक्षा १० टक्के पडलं की उरलेला दिवस आणि पुढचा दिवस चालू बोलीच्या (खरेदीदारांनी देऊ केलेल्या सर्वात वरच्या भावाच्या) वरच्या भावालाच शॉर्ट करता येतं. बंद काही होत नाही. तिसरं, खूप वरच्या भावाला विक्रीची ऑर्डर लावून ठेवली की ब्रोकर आपले शेअर उसने देऊ शकत नाही, असं सांगतात. त्याला मला कुठेही आधार सापडला नाही. उसने द्यायचे की नाही हे खातं मार्जिनचं (ब्रोकरकडून उधारीवर व्यवहार करायचं) आहे का आणि आपण संमती कशाला दिली आहे यावर ठरतं. मी माझं खातं उघडून बघितलं तर 'शेअर उसने देण्याची योजना' सुरूच होती. खातं उघडताना कधीतरी खूण केली असणार. पाच महिने मी ज्यांच्या नावाने बोटं मोडत होते, त्यांना शेअर कदाचित माझेच जात होते. त्या रात्री बराच वेळ झोप आली नाही.

गटात दाखले नेहमी दोन येतात. पहिला फोक्सवॅगनचा. २६ ऑक्टोबर २००८ ला पोर्शने जाहीर केलं की शेअर आणि ऑप्शन (ठरलेल्या भावाला शेअर घ्यायचा हक्क) मिळून ७४.१ टक्के त्यांच्या हातात आहेत. लोअर सॅक्सनी राज्याकडे सुमारे २० टक्के होतेच. म्हणजे बाजारात ६ टक्क्यांच्या आसपास उरले आणि शॉर्ट त्याच्या दुपटीने. भाव दोन दिवसांत १,००० युरोच्या पुढे गेला. दुसरा गेमस्टॉप या अमेरिकन व्हिडिओ गेम विकणाऱ्या कंपनीचा, जानेवारी २०२१. शॉर्ट मोकळ्या शेअरच्या १०० टक्क्यांहून जास्त होते. दोन्हीकडे शेअरची खरीखुरी टंचाई होती. आमच्याकडे साडेबावीस टक्के आणि तीन दिवस. ही टंचाई म्हणायची का?

शिवाय त्याच गेमस्टॉपबद्दल अमेरिकेच्या बाजार नियामकाचा ऑक्टोबर २०२१ चा अहवाल वाचला. त्यात म्हटलंय की शॉर्ट भरून काढणाऱ्यांची खरेदी एकूण खरेदीचा लहानसा भाग होती आणि भाव कित्येक आठवडे टिकला तो लोकांच्या उत्साहावर. हे गटात टाकलं तर मलाच "तू विकलेस का?" असं विचारलं गेलं.

आणि तिसरा दाखला, जो तिथे कोणीच देत नाही, वायरकार्ड या जर्मन पेमेंट कंपनीचा. फेब्रुवारी २०१९ मध्ये जर्मन नियामकाने त्या शेअरच्या शॉर्ट सेलिंगवर दोन महिने बंदी घातली, वर संशय मांडणाऱ्या पत्रकारांविरुद्धच तक्रार केली. छोट्या गुंतवणूकदारांना वाटलं असणार, सरकारच आपल्या बाजूने आहे. जून २०२० मध्ये कळलं की ताळेबंदातले १.९ अब्ज युरो अस्तित्वातच नाहीत. आठवड्याभरात कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. याच्या उलट टेस्ला. तिच्यावर वर्षानुवर्षं प्रचंड शॉर्ट होते आणि २०२० या एका वर्षात तो शेअर सातशे टक्क्यांहून जास्त चढला. दोन्हीकडचे भागधारक आपापल्या जागी ठाम होते. त्या वेळी कंपनीच्या कागदांत असं काय बघायला हवं होतं, ज्यावरून फरक कळला असता?

मी आमच्या कंपनीचे चार तिमाही अहवाल छापून घेतले. विक्री वर्षात साधारण पाचव्या हिश्शाने वाढली आहे. ग्राहकांकडून येणं बाकी मात्र जवळजवळ दुप्पट झालं आहे. नफा कागदावर दिसतो, पण धंद्यातून हातात आलेली रोकड सलग तीन तिमाही उणे. हे वाढत्या कंपनीत होतं म्हणतात. कितपत होतं, हे मला कळत नाही.

तर जाणकारांनो, विक्रीपेक्षा येणं बाकी इतकं पुढे जाणं किती गंभीर मानता? शॉर्टचे आकडे तुम्ही निर्णयात धरता की सोडून देता? आणि तोट्यात असलेल्या, आपल्या भरवशावर आलेल्या माणसाला काय सांगायचं? कृपया "थांबा, स्क्वीझ येईल" किंवा "आधीच विकायला हवे होते" असं लिहू नका, ही विनंती.

प्रतिसाद १

तुम्ही वही ठेवता हे फार चांगलं. आता त्याच वहीत एक गोष्ट बघा: कंपनीने गेल्या दोन वर्षांत परिवर्तनीय रोखे (पुढे शेअरमध्ये बदलता येणारं कर्ज) काढलेत का? असे रोखे घेणारे फंड बरेचदा त्याच दिवसांत शेअर शॉर्ट करतात. कंपनी बुडावी म्हणून नव्हे. रोख्याचं व्याज आणि पुढे शेअर मिळवायचा हक्क ठेवायचा, भाव पडण्याची जोखीम मात्र शॉर्टने झाकायची, हा त्यांचा धंदा. हे लोक भाव चढला म्हणून घाबरून पळत नाहीत, त्यांच्याकडे रोखे असतात. तेव्हा साडेबावीसमधले खरे विरोधात किती, हे आधी काढा.

येणं बाकीबद्दल: ते किती दिवसांच्या विक्रीइतकं आहे ते प्रत्येक तिमाहीचं काढा, आणि टिपांमध्ये एका-दोन ग्राहकांकडे किती टक्के आहे ते वाचा. एकच मोठा ग्राहक उशिरा देत असेल तर गोष्ट वेगळी. माल वितरकांकडे ढकलून विक्री दाखवली असेल तर वेगळी.

प्रतिसाद २

ताई, एक सांगू का? तुमच्या बहिणीचा प्रश्न आणि तुमचा प्रश्न एकच आहे असं समजू नका. तुमची जोखीम घ्यायची तयारी होती, त्यांची ठेव होती. त्यांना तो पैसा कधी लागणार आहे, हे तुम्ही त्यांना विचारलंय का?

आणि स्क्वीझ आलाच तर कंपनी काय करेल याचाही विचार करा. गेमस्टॉपने २०२१ मध्ये वरच्या भावात नवे शेअर विकून एप्रिलमध्ये सुमारे ५५ कोटी आणि जूनमध्ये ११२ कोटी डॉलर उभे केले. कंपनीसाठी ते शहाणपणाचंच होतं. पण टंचाईवर भिस्त ठेवणाऱ्याने लक्षात ठेवावं की शेअर छापणारी कंपनीच असते.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. दोन दिवस लावून सगळं परत तपासलं.

पहिल्या प्रतिसादातलं वाचून वही उघडली आणि हात थांबला. गेल्या वर्षी कंपनीने परिवर्तनीय रोखे काढले होते. त्याआधीच्या नोंदीत शॉर्ट ७० लाख आहेत, रोख्यांनंतरच्या दुसऱ्या नोंदीत दीड कोटी. मी स्वतःच्या हाताने ते दोन आकडे एकाखाली एक लिहिलेत आणि शेजारी लाल पेनाने 'हल्ला!' असं लिहिलंय. उडी नेमकी त्या पंधरवड्यांतली. सगळे ८० लाख रोखेवाल्यांचेच असतील असं नाही, पण आमच्या गटात ज्याला शत्रूची फौज म्हणतात तिच्यातला बराच भाग आमच्या कंपनीला कर्ज देणाऱ्यांचाच असावा. म्हणजे स्क्वीझची आशाही पातळ झाली आणि कटाची भीतीही.

येणं बाकीचे दिवस काढले: वर्षापूर्वी ६१, आता ९८. टिपांमध्ये लिहिलंय की बाकीपैकी ४१ टक्के एकाच ग्राहकाकडे आहे. वर्षापूर्वीच्या अहवालात तोच आकडा १७ होता. हा ग्राहक वितरक आहे की खरा वापरणारा, हे अहवालात स्पष्ट नाही. कंपनीच्या गुंतवणूकदार विभागाला ईमेल करून नेमकं एवढंच विचारलं आहे. शॉर्टचा शब्दही काढला नाही.

ताईला काल फोन केला. वायरकार्ड, टेस्ला काही सांगत बसले नाही. हे पैसे कधी लागणार आहेत, एवढंच विचारलं. ती म्हणाली, "अगं, पुढच्या वर्षी मुलीच्या प्रवेशाला. तुला सांगितलं नव्हतं का?" सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं. मग तिला दोन्ही अहवाल समोर घेऊन ६१ आणि ९८ समजावून सांगितले, आणि मला स्वतःला किती कळत नाही तेही. तिने निर्णय तिचा तिने घेतला. सोमवारी तिचे २५० विकतोय. तिचा तोटा मी हळूहळू भरून देणार आहे. ती नको म्हणाली, पण त्यावर मी वाद घालणार नाही.

माझे शेवटचे ४०० पण सोमवारी विकतेय. पहिले २०० तिमाही निकालापर्यंत ठेवते, ते पैसे मला लगेच लागणार नाहीत. निकालात दिवस ९८ च्या खाली आले नाहीत किंवा त्या ग्राहकाबद्दल उत्तर मिळालं नाही, तर तेही विकेन. हे आजच्या तारखेने वहीत लिहून ठेवलं आहे, शेअर उसने देण्याची योजनाही बंद केली आहे.

एक शंका राहिलीच. एखाद्या ग्राहकाचं येणं वसूल होणार नाही असं कंपनीला वाटलं तर ती त्यासाठी तरतूद दाखवते ना? आमच्या अहवालात बाकी दुप्पट झाली तरी तरतूद जवळपास तेवढीच आहे. हे बरोबर वाचतेय का मी? कोणी हिशोब तपासणीच्या क्षेत्रातलं असेल तर नक्की सांगा.