मदत हवी आहे: आईबाबांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला काय द्यावं?

पुढच्या महिन्यात आईबाबांच्या लग्नाला ४० वर्षं होतायत. २५ला चांदी, ५०ला सोनं, तसं ४०ला माणिक देतात. नागपुरात इतवारीच्या सराफ्यात फिरून आले; पण माणिक हे रवीचं रत्न, पत्रिका दाखवल्याशिवाय घालणार नाही, असं आईचं ठाम मत. तिचं मन मोडून मला काहीच द्यायचं नाही.

म्हणून माणकाच्या रंगाची करवतकाठी टसर साडी घ्यायचं ठरवतेय. ते करवतीच्या दात्यांसारखे काठ तिला फार आवडतात. सीताबर्डीत पाहिल्या, पण त्या यंत्रमागावरच्या निघाल्या. बजेट १५ हजार, बाबांच्या उपरण्यासकट. नागपूर-भंडाऱ्याकडे थेट विणकरांकडून कुठे मिळेल? आणि तीन धोट्यांनी (मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनांनी) विणलेला अस्सल काठ उलट्या बाजूने पाहून ओळखता येतो का, कसा?