शिडीवाल्या काकांच्या आठवणी: जमेल तसं लिहा

परवा काकांचा तेरावा झाला. काकू म्हणाल्या फोटोपुढे भाषणं नकोत, कुणाला काय आठवतं ते लिहून द्या, मी दुपारी निवांत वाचीन. म्हणून हा धागा. शुद्धलेखनाचं टेन्शन घेऊ नका (लाल पेन घेऊन बसणारा माणूस आता नाही). सुरुवात मीच करतो.

आमची पुण्यातली अरण्येश्वरची सोसायटी ओढ्याला लागून. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, लाइट गेलेली, पार्किंगमधल्या गाड्या एकमेकांवर आदळत होत्या तो आवाज अजून कानात आहे. आम्ही तळमजल्यावर, आणि आईच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. काका बॅटरी घेऊन कमरेएवढ्या पाण्यात खाली उतरले आणि आईला प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचलून आम्ही दोघांनी जिन्याने वर नेलं. त्यांच्या टू बीएचकेत त्या रात्री चौदा माणसं आणि एक कुत्रं. पहाटे त्यांनी एकेकाला चहात साखर किती विचारलं आणि न लिहिता ज्याला जसा हवा तसा दिला. घर चिखलाने भरलेलं आणि माझ्या डोक्यात राहिलाय तो बिनसाखरेचा चहा.

*

मी बी विंगला कॉट बेसिसवर होतो, एमपीएससी करायला लातूरहून आलेलो. मार्च २०२० ला लॉकडाऊन लागलं, मेस बंद, गावी जायला गाडी नाही. काकांनी वरून हाक मारली, 'काय रे, उरलंय थोडं, खाणार का? नाहीतर टाकावं लागेल.' दुसऱ्या दिवशीपण उरलं. तिसऱ्या दिवशीपण. असं दोन महिने रोज बरोबर तीन पोळ्या, भाजी आणि आमटी उरायची. पैसे द्यायला गेलो तर म्हणाले, 'शिळ्याचे पैसे घेतो का मी?' पोळी वाफाळत असायची हो.

*

सगळेच गोड लिहिताय म्हणून सांगते, आमचा पेपर काका आधी वाचायचे आणि शब्दकोडं सोडवून मग दाराला लावायचे, तेही पेनाने. मी दोनदा भांडलेय.

*

माझं त्यांच्याशी पार्किंगवरून वाजलं होतं, वर्षभर बोलणं नाही. त्यात वडिलांना रात्री अर्धांगाचा झटका आला, मी रिक्षा शोधत गेटवर, तर हे लुंगीवर गाडीची चावी घेऊन उभे. रस्ताभर एक शब्द बोलले नाहीत. वडील वाचले. नंतर मी पेढे घेऊन गेलो तर पहिलं वाक्य, 'ते सगळं ठीक आहे, गाडी मात्र अजूनही तिरकीच लावता तुम्ही.'

*

शेवटच्या दिवसाचं लिहिते, तेव्हा मी तिथे होते. पहाटे गेले. आम्ही सगळे रडारडीत, आणि काकूंनी उठून आधी पंखा बंद केला. मला कळेचना. मग त्यांनी काकांच्या पापण्या मिटवल्या, वर ओल्या कापसाच्या घड्या ठेवल्या, डोक्याखाली उशी दिली आणि फ्रिजवर चिकटवलेल्या नंबरला फोन लावला. नेत्रदान सहा तासांच्या आत व्हावं लागतं, पंख्याने बुबुळं सुकतात, हे सगळं काकांनी त्यांच्याकडून पाठ करून घेतलं होतं म्हणे. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, म्हणून मला वाटलं घेणार नाहीत, पण त्याने अडत नाही, बुबुळ चांगलं लागतं. टीमचं काम अर्ध्या तासात झालं, चेहरा होता तसाच. मग वैकुंठ स्मशानभूमीत नेलं. घरी येऊन आमच्याही फ्रिजवर तो नंबर लावलाय.

*

एक कन्फेशन. ती अ‍ॅल्युमिनियमची शिडी, जिच्यावर ऑइलपेंटने 'परत आणायची असते' लिहिलंय, ती दिवाळीपासून आमच्या बाल्कनीत आहे. आकाशकंदील लावायला नेली होती. सॉरी. आज संध्याकाळी आणून देतो.

*

(काकूंनी सांगितलंय, मी टाइप करतेय.) सगळं वाचलं. शिडी आणू नका, इथे ठेवायला जागा नाही, यांनी पेटीही तिथेच सरकवून ठेवलीय. डी विंगच्या ताईंना पंखा पुसायचाय, त्यांच्याकडे पोचवा आणि मला नुसतं सांगा, वहीत नाव बदलायचंय. आणि ड्रिल मशीन कुणाकडे आहे? वहीत फक्त 'चष्मेवाला' एवढंच लिहिलंय.