मदत हवी आहे: आईची दहावी, मोबाइलवरून

नमस्कार मंडळी. आईचं वय ४७, शाळा नववीत सुटली. आता दहावी करायचीच म्हणते. एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून फॉर्म भरायचा विचार आहे: वयाला वरची मर्यादा नाही, पाच विषय, नोंदणी पाच वर्षं चालते, एकेक विषय सोडवत गेलं तरी चालतं. शेतीची कामं सांभाळून हेच जमेल.

अडचण अभ्यासाची आहे. पुस्तकांच्या पीडीएफ मोबाइलवर उघडल्या की अक्षर मुंगीएवढं. मोठं केलं तर ओळ अर्धी पडद्याबाहेर. ‘यापेक्षा चुलीपुढचा धूर बरा,’ असं म्हणून चष्मा काढून ठेवते. दीक्षा ॲपवर बालभारतीचे व्हिडिओ मात्र आवडीने बघते, पण तो राज्य मंडळाचा अभ्यासक्रम.

कुणाच्या घरी मोठ्या वयात असं कुणी शिकलंय का? मराठी माध्यमातून कोणते विषय घेतले? गणिताची तिला धास्ती आहे, त्याऐवजी गृहविज्ञान घ्यावं का? आणि पीडीएफ मोठ्याने वाचून दाखवणारं, मराठी उच्चार नीट करणारं एखादं फुकट ॲप? रेंज फक्त गच्चीवर येते, त्यामुळे नेटशिवाय चालणारं सांगा.